चिकन खुशाल करा, आंबा ताटाच्या डाव्या बाजूला वाढा

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: "मिस्टरांना (वय ५४) तीन महिन्यांपूर्वी डायबेटिस निघाला. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आलं. मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ चालू आहे, दुसरी गोळी नाही. अंगाने सडपातळ आहेत, त्यामुळे घरात कोणाचा विश्वासच बसत नाही. रविवारी लेक बंगळुरूहून येतेय. तिने ग्रिल्ड चिकन आणि आंब्याच्या साल्साचा बेत ठरवलाय. तिच्या रेसिपीत मध आणि संत्र्याचा ज्यूस आहे. सासूबाई म्हणतात, शुगरवाल्याला रात्री फळ म्हणजे विष. घरात ओव्हन नाही, गॅस आणि बिडाचा तवा आहे. हे करावं का? केलं तर सोबत काय द्यावं?"

ताई, जरूर करा. गेली तेवीस वर्षं मी पुण्यात मधुमेही लोकांचा आहार बघतेय. तुमच्या लेकीच्या बेतात काढून टाकण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, मध आणि ज्यूस. बाकी सगळं ठेवू, फक्त प्रमाण बदलू.

आधी तुमच्या घरच्यांच्या शंकेबद्दल, कारण त्यावर जेवणाचं बरंच काही ठरतं. सडपातळ माणसाला डायबेटिस होतो, आणि आपल्याकडे भरपूर होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. उंची-वजनाचा हिशोब दोघांना एकच आकडा देत होता. आपल्या लोकांचे हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटाच्या आत दडलेली असते. अशा माणसाला उपाशी ठेवून भागत नाही. त्याचे स्नायू टिकले पाहिजेत, त्यासाठी ताटात पुरेसं प्रोटीन हवं आणि रोजची हालचाल हवी. म्हणून मिस्टरांच्या ताटातलं चिकन माझ्या दृष्टीने कौतुकाची गोष्ट आहे. डायबेटिस निघाला की पहिल्यांदा घरातलं चिकन बंद होतं आणि साबुदाण्याची खिचडी मात्र चालू राहते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्याचं वाईट वाटतं.

चिकनमध्ये पिष्ट पदार्थ जवळपास शून्य असतात. त्यामुळे चिकनने शुगर चढत नाही. शुगर चढते ती चिकनला लावलेल्या गोड सॉसने, चिकनसोबतच्या पावाने, भाताने, आणि 'आज चिकन आहे' म्हणून पोटात गेलेल्या चौथ्या पोळीने.

मधाचं म्हणाल तर एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण १७ ग्रॅम साखर. चौघांच्या चिकनला एक चमचा लावला तर प्रत्येकी चार ग्रॅम, त्याने काही आभाळ कोसळत नाही. पण अशा रेसिपीत तीन-चार चमचे मध, त्यावर वाटीभर ज्यूस असतो, तिथे हिशोब बिघडतो. शिवाय तव्यावर मध आतलं चिकन शिजायच्या आधी करपतो. वरून काळं, आतून कच्चं. मधाऐवजी गूळ घातला तरी फरक नाही, रक्तात जाऊन दोन्ही साखरच होतात. बाटलीतला बार्बेक्यू सॉस आणि केचपही याच रांगेतले. लेकीला सांगा, गोडवा साल्साकडे सोपवू, चिकन आंबट-तिखटच ठेवू.

आता चिकन. चौघांसाठी ६०० ग्रॅम बोनलेस आणा, कातडी काढलेलं. माणशी १५० ग्रॅम कच्चं म्हणजे शिजून ११० ग्रॅमच्या आसपास उरतं आणि त्यातून जवळजवळ ३३ ग्रॅम प्रोटीन मिळतं. ब्रेस्ट घ्यायचा की लेग बोनलेस? सगळे ब्रेस्ट सांगतात, कारण त्यात चरबी कमी. पण पहिल्यांदाच तव्यावर भाजणार असाल तर मी लेग बोनलेस सांगेन. त्यात चरबी थोडी जास्त असते, पण शुगरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, आणि लेगचा तुकडा दोन मिनिटं जास्त राहिला तरी रबर होत नाही. ब्रेस्टच हवा असेल तर चिकनवाल्याला सांगून प्रत्येक तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडून घ्या. घरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने हलकेच ठोका. सगळीकडे सारखा, दीड सेंटीमीटर जाडीचा झाला पाहिजे. ब्रेस्टचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो. तो तसाच भाजला तर जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोकाचा भुसा होतो. बहुतेक घरांत 'ग्रिल्ड चिकन कोरडं लागतं' म्हणतात त्याचं कारण हे एवढंच.

मॅरिनेशनला घट्ट दही चार मोठे चमचे, एका लिंबाचा रस, आलं-लसणाचा ठेचा एक मोठा चमचा, मूठभर कोथिंबीर आणि थोडा पुदिना दोन हिरव्या मिरच्यांबरोबर वाटून, एक चमचा लाल तिखट, पाव चमचा हळद, एक चमचा धने-जिरे पूड, अर्धा चमचा मिरपूड, सव्वा चहाचा चमचा मीठ आणि दोन चहाचे चमचे तेल. हे सगळं तुकड्यांना चोळून फ्रीजमध्ये किमान दोन तास ठेवा, रात्रभर ठेवलं तरी चालेल. दह्यातलं आम्ल सौम्य असतं, ते मांस हळूहळू मऊ करतं. नुसत्या लिंबात रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढरट आणि चरचरीत होतो. कोणी कच्ची पपई लावायला सांगतील. तिच्यातलं पपेन मांस फार झपाट्याने तोडतं, बोनलेसला ते नकोच. मटणाला ठीक आहे.

एक कळकळीची गोष्ट. साल्सा कच्चा खायचा असतो, म्हणून फळं आणि भाज्या आधी चिरून, झाकून बाजूला ठेवा. कच्च्या चिकनला हात त्यानंतर लावा. पाट आणि सुरी वेगळी. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. शिजवल्यावर ते मरतातच. शुगर वाढलेली असताना पोटाचा संसर्ग झाला तर माणूस लवकर सावरत नाही, म्हणून एवढं बजावून सांगतेय.

भाजायच्या अर्धा तास आधी चिकन फ्रीजबाहेर काढा. बिडाचा तवा आहे म्हणजे तुम्हाला ग्रिल विकत घ्यायची काहीच गरज नाही. तो जाड असतो, एकदा तापला की गार तुकडा टाकला तरी उष्णता धरून ठेवतो, आणि भाजण्यासाठी तेच लागतं. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे. तुकड्यावरचं जादा दही बोटांनी निपटून काढा, नाहीतर दह्याचं पाणी सुटून चिकन तव्यावरच उकडायला लागतं. तेल तव्यावर न ओतता तुकड्यालाच ब्रशने किंवा हाताने पुसटसं लावा.

एका वेळी दोनच तुकडे, फार तर तीन. आणि मग हात लावू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. तुकडा टाकल्यावर चर्र आवाज येतो, मिनिटभरात कडेने पांढरं व्हायला लागतं, आणि आपला हात उलथन्याकडे जातो. पाच मिनिटं थांबा. सुरुवातीला तुकडा तव्याला घट्ट चिकटलेला असतो. खालची बाजू नीट भाजली की तो आपोआप सुटतो. उलथनं कडेने सरकवून बघा. ओढावं लागतंय म्हणजे अजून वेळ आहे. सुटला की उलटा, दुसऱ्या बाजूने चार मिनिटं. तुकडा जाड असेल तर शेवटची दोन मिनिटं आच कमी करून वर झाकण ठेवा. उलथन्याने दाबू नका. दाबल्यावर छान आवाज येतो खरा, पण तो आवाज आतला रस तव्यावर जळण्याचा असतो.

झालं की नाही हे पाहायला सगळ्यात जाड जागी सुरीचं टोक घाला. येणारा रस स्वच्छ हवा आणि आत गुलाबी झाक नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस. मग ताटलीत काढून पाच मिनिटं तसंच राहू द्या, लगेच कापू नका. ज्यांच्याकडे एअर फ्रायर आहे त्यांनी १८० अंशांवर पंधरा-सोळा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कोळशावर करणार असाल तर जिथे अगदी काळं पडलंय तो भाग कापून टाका. त्या करपलेल्या थरात तयार होणारी काही द्रव्यं शरीराला चांगली नाहीत. दही-लिंबाच्या मॅरिनेशनने ती कमी तयार होतात, हा आणखी एक फायदा.

चवीवर मी इतकी का रेंगाळतेय ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी मधुमेही लोकांना 'उकडलेलं चिकन' लिहून द्यायचे. सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या पत्नी एकदा स्टीलचा छोटा डबा घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवला. आत पांढरेफटक, चिवट तुकडे, वर जिऱ्याचे दोन दाणे. म्हणाल्या, "हे महिनाभर खाल्लं त्यांनी. आता म्हणतात, शुगर वाढली तर वाढू दे." त्या दिवसापासून माझ्या कागदावर मसाल्यांची नावं यायला लागली. मिरे, लसूण, पुदिना, धने, लिंबू यांनी शुगर वाढत नाही. ज्या जेवणाची पुढच्या रविवारी आठवण येते तेच वर्षानुवर्षं टिकतं.

आता आंबा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे सॉस. मेक्सिकोतला ताजा साल्सा म्हणजे बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. आपली कोशिंबीरच ती. आपल्या ताटात कोशिंबीर कुठे वाढतात? डाव्या बाजूला, चटणी-लोणच्याच्या शेजारी, तोंडी लावायला. साल्सातल्या आंब्याला हीच जागा द्या. तो तोंडी लावणं म्हणून आला की काही बिघडत नाही. वाटी भरून आला की बिघडतं.

आकड्यात सांगते. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १५ ग्रॅम पिष्ट आणि साखर मिळून असते. दीडशे ग्रॅमची एक वाटी आमरस, वरून साखर न घालताही, २२-२३ ग्रॅमला जाते आणि चार घोटांत संपते. साल्सात माणशी ४० ग्रॅम आंबा घातला तर सहा ग्रॅम. तोच आंबा, तीच चव, पण दाताखाली फोडी येतात, काकडी-कांद्याबरोबर चावून खाव्या लागतात आणि प्रत्येक घासाला थोड्या थोड्या पुरतात.

माझं माप असं: एक वाटी फळाला तीन वाट्या भाज्या. चौघांसाठी १६० ग्रॅम आंब्याच्या फोडी, एक मोठी काकडी, दोन घट्ट टोमॅटो बिया काढून, एक कांदा, आणि अर्धी कैरी बारीक चिरून. कैरी विसरू नका. साल्साला जी आंबट धार लागते ती तिच्यातून येते, आणि पिकल्या आंब्याच्या मानाने तिच्यात साखर फारच कमी. आंबा घेताना पूर्ण पिकलेला हापूस घेऊ नका, त्याच्या फोडी होत नाहीत, लगदा होतो. मंडईत 'पाडाचा द्या, जरा कडक' म्हणून सांगा. बोटाने दाबल्यावर किंचित दबेल इतपत. फोडी ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक नकोत आणि फ्रूट सॅलडसारख्या मोठ्याही नकोत. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या सगळ्या सारख्या चिरल्या की एका चमच्यात पाचही चवी येतात. वर एक हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्ध्या लिंबाचा रस. मीठ वाढायच्या दोन मिनिटं आधी, नाहीतर सगळ्याला पाणी सुटतं. मिक्सरला लावू नका, फळ पातळ झालं की किती पोटात गेलं ते कळत नाही.

आणि आपल्या पुणेरी हाताची एक सवय: कोशिंबिरीत चिमूटभर साखर. हात आपोआप डब्याकडे जातो. रविवारी तो डबा वरच्या फळीवर ठेवा.

आंब्याचा मोसम संपला की हाच साल्सा पेरूचा करा. माझा सगळ्यात आवडता तोच. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये पाच ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, बहुतेक फळांच्या पुष्कळ पुढे. घट्ट पांढरा पेरू, बियांचा गर काढून, वर लाल तिखट आणि सैंधव. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की ती, तिच्या १०० ग्रॅममध्ये पिष्ट आणि साखर मिळून आठ ग्रॅमहून कमी असते. संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि काळी मिरीही चिकनबरोबर सुरेख लागते. डाळिंबाचे दाणे दिसतात छान, पण त्यांच्या १०० ग्रॅममध्ये पिष्ट आणि साखर मिळून १९ ग्रॅम असते, म्हणून मूठभर पेरायचे, वाटीभर नाही. केळं आणि चिकू साल्सात नकोत. जांभूळ घाला, गोड-तुरट छान लागतं, पण जांभूळ म्हणजे औषध असं समजून गोळी चुकवू नका. आणि ज्यांच्या किडनीला त्रास आहे त्यांनी कमरख (स्टार फ्रूट) अजिबात खाऊ नये, ते त्यांना घातक ठरू शकतं.

सासूबाईंचं काय? त्या चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांनी जे पाहिलंय ते बोलतायत. रात्री साडेनऊला पोळी-भाजी-भात झाल्यावर दहा वाजता टीव्हीसमोर दोन आंबे कापून खायचे आणि झोपायचं, याने शुगर नक्की वाढते. पण दोष घड्याळाचा नाही, भरल्या पोटावरच्या भरीचा आहे. जेवणाच्या हिशोबात धरून, चिकन आणि भाज्यांबरोबर खाल्लेलं ४० ग्रॅम फळ रात्रीही चालतं. त्यांना सांगताना त्यांच्या म्हणण्याला मान देऊन सांगा, उद्या त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

सोबत काय? ज्वारीची एक भाकरी. ४० ग्रॅम पिठाची म्हणजे तळहाताएवढी, त्यात २८-३० ग्रॅम पिष्ट. भाकरी केली तर भात नाही. दोन्हीपैकी एकच. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरा: साल्सा आहेच, शिवाय फरसबी किंवा सिमला मिरची त्याच तव्यावर लसणाबरोबर परतून घ्या, चिकनचा जो मसाला तव्याला लागलाय तो त्यात उतरतो. पाव भाग चिकन, पाव भाग भाकरी. सगळं मिळून पिष्ट ४५ ते ५० ग्रॅमच्या घरात राहतं. बटाट्याचे वेफर्स, गार्लिक ब्रेड आणि सरबत लेकीने आणलंच तर ते ताटाबाहेर.

वाढण्याचा क्रमही कामाला येतो. आधी परतलेल्या भाज्या आणि चिकन-साल्सा, भाकरी शेवटी. भाज्या आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की मागून येणारं पिष्ट सावकाश रक्तात उतरतं, जेवणानंतरची उसळी कमी होते. आठच्या आत जेवा, आणि मग पंधरा मिनिटं सगळे मिळून खाली चालून या. लेक आलीय, गप्पा आहेतच, त्या चालताना करा.

मिस्टरांना फक्त मेटफॉर्मिन आहे, त्यामुळे एवढ्या बेताच्या भाकरीने शुगर एकदम खाली जायची भीती जवळपास नाही. ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची, एवढं सांभाळा. हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांना ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मात्र भाकरी पूर्ण बंद करून नुसतं चिकन खाण्याचा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नये, आणि जेवणाची वेळही टाळू नये. मिस्टरांची क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. किडनीवर परिणाम दिसला तर चिकनचं प्रमाण वेगळं ठरवावं लागेल.

शेवटी ग्लुकोमीटर. रविवारी जेवायला बसण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा बघा. दुसरा आकडा १८० च्या आत आणि दोन्हींतला फरक ४०-५० च्या आत असेल तर हा बेत मिस्टरांना मानवला. फरक जास्त आला तर पुढच्या वेळी आंबा तेवढाच ठेवून भाकरी अर्धी करून बघा. दोन गोष्टी एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही. वहीत तारीख, काय खाल्लं आणि दोन्ही आकडे लिहा. सासूबाईंनाही ते आकडे दाखवा.

चिकन उरलं तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. सोमवारी डब्याला हाताने तंतू काढून काकडी-कांद्यात मिसळा, वर ताजं लिंबू पिळा. साल्सा मात्र उरवू नका, तो रात्रीतच पाणी सोडतो.